उसन्या नावाची लेखिका

प्रस्तावना शेवटी वाचावी, ही आमची फार जुनी खोड. प्रस्तावनाकार हा लग्नघरातल्या त्या आगाऊ पाहुण्यासारखा असतो, जो पंगत बसण्यापूर्वीच कोणते पक्वान्न बिघडले आहे ते सांगून टाकतो. या खोडीमुळे गेल्या श्रावणात आमची चांगलीच फजिती झाली. आणि ती फजिती सांगावयाची तर आणखी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे, जी आम्ही आजवर घरातही कोणास सांगितलेली नाही.

झाले असे की, आमच्या पुतण्याची मुलगी सुट्टीत घरी आली ती एक इंग्रजी कथासंग्रह बरोबर घेऊन आली. आमच्या घरी अजून चौदा माणसे एका छपराखाली नांदतात, आणि छापील कागद ओटीवर दिसला की तो ज्याच्या हाती प्रथम पडेल त्याचा, असा तेथील अलिखित कायदा आहे. पुस्तक झोपाळ्यावर पडले होते, ते आम्ही उचलले. नाव 'द नाइटमेअर अँड अदर टेल्स ऑफ डार्क फँटसी', लेखक फ्रान्सिस स्टीव्हन्स, आणि प्रकाशन अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे, २००४ सालचे. आत पाहतो तो सगळ्या शंभर वर्षांपूर्वीच्या भयकथा! बाहेर पाऊस कोसळत होता, मंडळी निजली होती. दिवा मालवला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि खरे सांगावयाचे तर दिवा मालवण्यापूर्वी आम्ही माजघराच्या दाराची कडी दोनदा पाहिली.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही मोठ्या ऐटीत मत दिले, "हा स्टीव्हन्ससाहेब पुष्कळ समुद्रप्रवास केलेला, रगेल गडी असला पाहिजे. हात पुरुषी आहे." मुलगी हसू लागली. "आजोबा, तो साहेब नव्हे, ती बाई होती. आणि प्रवास कसला? ती कचेरीत लघुलेखन करीत असे." आमच्या वहिनी ताटे मांडता मांडता थांबल्या व म्हणाल्या, "हात पुरुषी म्हणजे कसा असतो हो, भाऊजी?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग मुकाट्याने प्रस्तावना वाचावयास घेतली.

या बाईचे खरे नाव गर्ट्रूड. माहेरचे आडनाव बॅरोज, सासरचे बेनेट. जन्म १८८४ साली मिनेसोटा संस्थानातील मिनिआपोलिस शहरी. शाळा आठव्या इयत्तेपर्यंतच झाली. पुढे चित्रकार व्हावे, पुस्तकांना चित्रे काढावीत, अशी इच्छा धरून तिने रात्रीच्या वर्गात नाव घातले. पण पोटाचा व्यवसाय निघाला तो लघुलेखनाचा. दुसऱ्याने बोलावे आणि आपण भराभर टिपून घ्यावे, ही नोकरी तिने पुढे जन्मभर, कधी सोडून कधी धरून, केली. चित्रकला राहिली ती राहिलीच. एक कथा मात्र तिने तरुणपणीच लिहिली. ती १९०४ साली 'आर्गोसी' नावाच्या मासिकात छापून आली. नावाच्या जागी होते जी. एम. बॅरोज. नुसती आद्याक्षरे! आद्याक्षरांना लुगडे की धोतर हे कोण पाहणार?

यानंतर तेरा वर्षे तिच्या लेखणीतून छापील असे काही आलेले दिसत नाही. मध्ये संसार आला. १९०९ साली तिने स्टुअर्ट बेनेट नावाच्या एका इंग्रज पत्रकाराशी विवाह केला व ती फिलाडेल्फियास राहावयास गेली. गृहस्थ मुलूखगिरीचा शौकीन होता. लग्नास पुरते वर्ष होते न होते तोच पुरलेले धन शोधण्याच्या एका मोहिमेवर तो निघाला, आणि उष्ण कटिबंधातील तुफानात सापडून मरण पावला. घरी पंचविशीच्या आसपासची विधवा, पदरी नुकतीच जन्मलेली मुलगी. पुढे आजारी, अंथरुणास खिळलेली आईही तिच्याच गळ्यात आली. अमेरिकेत आमच्यासारखी भरलेली घरे नसतात. दिराचा आधार नाही, जावेचा हात नाही. दिवसा कचेरीत जावे तर आईजवळ कोण बसणार, आणि घरी बसावे तर चूल कशाने पेटणार, असा हा पेच.

त्या काळी अमेरिकेत अत्यंत स्वस्त अशा कथामासिकांचा व साप्ताहिकांचा सुळसुळाट झाला होता. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरबरीत कागदावर ती छापीत, म्हणून त्यांना 'पल्प' म्हणजे लगदाच म्हणत. कारकून, गिरणीकामगार, आगगाडीतले उतारू हा त्यांचा वाचकवर्ग. या मासिकांस कथा हव्या असत आणि कथेचे पैसे मिळत. आईच्या उशाशी बसूनही करता येईल असे हे एकच काम होते. १९१७ साली तिने 'ऑल-स्टोरी वीकली' या साप्ताहिकास 'द नाइटमेअर' ही दीर्घकथा पाठविली. छापलीत तर माझ्या नावाने छापू नका, अशी विनंती तिने केली होती व 'जीन व्हेल' असे एक टोपणनावही स्वतःच सुचविले होते. संपादकाने ते बाजूस सारून फ्रान्सिस स्टीव्हन्स हे नाव आपल्या पदरचे घातले. वाचकांस कथा आवडली, आणि बाईने ते नाव तसेच पुढे चालविले. इंग्रजीत या फ्रान्सिसचे एक अक्षर बदलले की ते बाईचे नाव होते. आमच्या देवनागरीत लिहिले तर तेवढाही भेद उरत नाही. म्हणजे बारसे दुसऱ्याने केले, तेही पुरुषाचे, आणि निवडलेले नाव आईबापांचे नाही, नवऱ्याचे नाही, स्वतःचेही नाही.

पुढली तीन वर्षे ती ज्या वेगाने लिहीत गेली तो पाहून छाती दडपते. १९१८ मध्ये 'द सिटॅडेल ऑफ फिअर' ही सात आठवडे चाललेली कादंबरी, १९१९ मध्ये 'द हेड्स ऑफ सर्बेरस', १९२० मध्ये 'क्लेम्ड' आणि 'सेरापिऑन', शिवाय मधून मधून लहान कथा. या कादंबऱ्याही आम्ही मागाहून मिळवून वाचल्या. सगळेच उत्तम आहे असे आम्ही म्हणणार नाही. 'सिटॅडेल'चा पूर्वार्ध मेक्सिकोच्या रानातल्या एका दडलेल्या प्राचीन नगरात घडतो, आणि तेथे देवदेवतांची इतकी गर्दी होते की वाचणाराने बोटे मोडून मोजावे. पण पंधरा वर्षांनंतरचा उत्तरार्ध सुरू होतो आणि तेच अघोर अमेरिकेतील एका शांत उपनगरात, गृहस्थाच्या बंगल्याशी येऊन रात्री धडका देऊ लागते, तेव्हा मात्र लेखणीला धार चढते. दूरच्या रानातली भुते तिला फारशी साधत नाहीत. उंबरठ्यापाशी आलेली भुते फार चांगली साधतात.

'हेड्स ऑफ सर्बेरस'मध्ये एका कुपीतल्या राखाडी धुळीमुळे तीन माणसे २११८ सालच्या फिलाडेल्फियात जाऊन पडतात. तेथे सामान्य प्रजेस नावेच नाहीत, फक्त आकडे. सत्ताधाऱ्यांच्या मर्जीबाहेर श्वास घेण्याची सोय नाही. अशा भयंकर भविष्यराज्यांच्या कादंबऱ्या पुढे युरोपात व इंग्लंडात पुष्कळ झाल्या व गाजल्या. ही मात्र एका लघुलेखिकेने १९१९ सालीच लिहून ठेविली होती. ज्या बाईस स्वतःच्या नावाने छापून येणे नको होते, तिला माणसांची नावे काढून घेतलेले नगर सुचावे, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

परंतु तिची सारी शक्ती पाहावयाची तर 'अनसीन—अनफिअर्ड' ही १९१९ मधली लहानशी कथा पाहावी. फिलाडेल्फियाच्या साउथ स्ट्रीटजवळ एका इटालियन खाणावळीत एक गृहस्थ आपल्या पोलिसखात्यातल्या मित्राबरोबर जेवतो, गप्पा मारतो, मित्राने दिलेली चिरूट ओढतो आणि एकटाच घराकडे निघतो. हा मोहल्ला गरिबांचा. देशोदेशींहून आलेले नाना वर्णांचे लोक तेथे राहतात. या गृहस्थास हे लोक नेहमी आवडत असत. त्या रात्री मात्र एकाएकी त्याला प्रत्येक चेहरा दुष्ट दिसू लागतो. प्रत्येकाची किळस येते, भीती वाटते. त्या गर्दीपासून पळत तो एका घरात शिरतो. तेथे एक म्हातारा त्याला अंधाऱ्या खोलीत बसवतो आणि एका विशिष्ट पडद्यातून गाळलेल्या हिरव्या उजेडात दाखवितो की, जी हवा आपण रिकामी समजतो ती रिकामी नाही. तीत वळवळणारे, अनेक पायांचे, अभद्र प्राणी भरलेले आहेत. जमिनीवर आहेत, अंगावर आहेत, आणि ते माणसाच्याच दुष्ट विचारांतून जन्मास आलेले आहेत. ते दृश्य पाहून या गृहस्थास जगणे नकोसे होते.

शेवटी मित्र येऊन त्याला सोडवितो व उलगडा करतो: चुकून दिली गेलेली ती चिरूट विषारी होती, सारा भास त्या विषाचा. येथे एखाद्या साध्या लेखकाने पूर्णविराम दिला असता. पण तो पडदा अजून शिल्लक आहे. दिवा लावला की खरे-खोटे कळेल. ही परीक्षा करण्याची छाती मात्र कोणास होत नाही. संशयातच राहिलेले बरे, असे म्हणून कथा संपते.

या कथेत आम्हांस भय वाटले ते त्या वळवळणाऱ्या प्राण्यांचे नव्हे. कालपर्यंत ज्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस आपण माणसे म्हणून पाहत होतो, ते एका संध्याकाळी, काही कारण नसता, ओंगळ दिसू लागावे, आणि आपण आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवावा! विष पोटात आहे आणि आरोप रस्त्यावर आहे. तो काळ असा होता की, एक महायुद्ध नुकतेच संपले होते आणि परदेशातून आलेल्यांविषयी अमेरिकेत द्वेष वाढत चालला होता. खरबरीत कागदाच्या मासिकात, पोटासाठी लिहिणाऱ्या एका बाईने हे लिहिले.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. हा आमचा तर्क आहे, वाचकांनी हवा तर सोडून द्यावा. तिच्या कथांत समुद्र आणि बेटे वारंवार येतात. 'नाइटमेअर' एका बेटावर घडते. 'फ्रेंड आयलंड' या १९१८ मधल्या गोड आणि खट्याळ कथेत तर बेट हीच एक मानी, प्रेमळ, रुसणारी फुगणारी बाई आहे, आणि तुफानातून वाचून किनाऱ्यास लागलेल्या खलाशिणीस ती पोटाशी धरते. (या कथेतल्या जगात बायका राज्य करतात आणि पुरुष नाजूक समजले जातात, आमच्या घरी हे वाचून दाखविले तेव्हा स्वयंपाकघरातून जो हशा उठला तो पुष्कळ वेळ थांबला नाही.) 'क्लेम्ड'मध्ये समुद्राच्या तळातून वर आलेली एक हिरवी पेटी न्यू जर्सीतला एक हट्टी धनिक म्हातारा विकत घेतो. ती पेटी ज्याची आहे तो समुद्रातला प्राचीन देव आपली वस्तू परत मागण्यास त्याच्या घरापर्यंत येतो. म्हातारा पेटी सोडीत नाही. समुद्र मागणे सोडीत नाही. ज्या बाईचा नवरा तुफानाने नेला, तिने समुद्राचे इतके ऐकून घ्यावे, हे आम्हांस फार काळ विसरता आले नाही.

१९२० साली तिची आई वारली, आणि तिने लिहिणे थांबविले. १९२३ मध्ये 'वीअर्ड टेल्स' या मासिकात 'सनफायर' ही एक कादंबरिका आली खरी, पण तीही आधीच लिहून ठेविलेली असावी असे जाणते म्हणतात. गरज संपली, लेखणी संपली. गरजेशिवाय लिहावे असे तिला कोणी सांगितले नसेल. सांगावयास घरात होते तरी कोण? तो पैसा आईच्या औषधपाण्याचा, मुलीच्या दुधाचा. त्यास साहित्य म्हणावे ही कल्पना तिच्या मनास शिवली असेल असे वाटत नाही. १९२० नंतर काही वर्षांनी ती कॅलिफोर्नियात निघून गेली. मुलीशी दुरावा झाला. १९३९ मध्ये मुलीला तिचे शेवटचे पत्र आले. पुढे काहीच वार्ता नाही, म्हणून ती त्याच वर्षी वारली असे पुष्कळ वर्षे धरून चालले होते. मागाहून मृत्यूचा दाखला सापडला तो १९४८ चा.

म्हणजे ती आणखी नऊ वर्षे जिवंत होती. आणि त्याच वर्षांत, १९४० च्या पुढे, न्यूयॉर्कमधील 'फेमस फँटास्टिक मिस्टरीज' हे मासिक तिच्या जुन्या कादंबऱ्या पुन्हा छापीत होते. नवे वाचक त्या वाचून चकित होत आणि विचारीत, हा फ्रान्सिस स्टीव्हन्स कोण? पुष्कळांनी आपसांत उत्तर देऊन टाकले होते की, एब्रहॅम मेरिट या त्या काळच्या नामांकित अद्भुतकथालेखकाचेच हे दुसरे नाव! भाषा सरस, कल्पना अचाट. दुसऱ्या कोणाची असणार? म्हणजे "हात पुरुषी आहे" असे म्हणणारे आम्हीच पहिले नव्हतो. मेरिट १९४३ साली वारला, तरी हा समज मेला नाही. १९५२ साली लॉइड आर्थर एश्बाक या प्रकाशकाने 'हेड्स ऑफ सर्बेरस' पुस्तकरूपाने काढली व तीत खरे नाव सांगितले, तेव्हा लोकांस कळले की ही एक बाई होती. ती जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

येथपर्यंत प्रस्तावना वाचून आम्ही पुस्तक मिटले. आता ती दुसरी गोष्ट.

आम्हांस भयकथांचे वेड लाविले ते आमच्या आत्याने. लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पुसून ती माहेरी परत आली, आणि मरेपर्यंत या घराच्या माजघरात राबली. लोणची-पापड तिचे, बाळंतिणींचा शेक तिचा, सोवळ्यातला स्वयंपाक तिचा, आणि रात्री आम्हां दहा-बारा मुलांस निजविण्याचे कामही तिचेच. दिवे मालवले की ती गोष्टी सांगे. तिची रहाटाची गोष्ट आम्हां सर्वांच्या विशेष प्रीतीची: ओसाड वाड्याच्या परसात विहीर आहे, रात्री तिचा रहाट आपोआप फिरतो, लोटे वर येतात, रिते होतात, सकाळी पन्हळ ओले असते, पण पाणी कोठे जाते ते दिसत नाही. तिने आवाज चढविल्याचे आम्हांस आठवत नाही. फक्त "पन्हळ ओले असे" म्हणून ती जी थांबे, त्या थांबण्यात आम्ही एकमेकांचे हात घट्ट धरीत असू.

कॉलेजात असताना आम्ही ती गोष्ट लिहून काढली आणि एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी पाठविली. खाली आमचे नाव. ती छापून आली; मानधनाची मनीऑर्डरही आली, तिचे आम्ही फाउंटनपेन घेतले. घरात कौतुक झाले. वडिलांनी सर्वांस जमवून कथा मोठ्याने वाचावयास लाविली. आत्या कोपऱ्यात वाती वळीत बसली होती. वाचन संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "रहाट उलटा फिरे. तू सुलटा लिहिला आहेस." आणि वाती वळू लागली.

आम्ही तेव्हा मनास समजाविले की, गोष्टी का कोणाच्या मालकीच्या असतात? लिहिण्याचे श्रम आमचे, मांडणी आमची. पण त्या दिवाळीनंतर आत्याने ती गोष्ट मुलांस पुन्हा कधी सांगितली नाही. मुलांनी फारच हट्ट धरला तर म्हणे, "ती आता दादाची गोष्ट आहे. त्याला सांगा." यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, वस्तू एका फडताळातून दुसऱ्यात ठेविली, अशा सुरात ती हे म्हणे. आम्ही सांगून पाहिली. मुलांस भय वाटले नाही.

आत्यास जाऊन तीस वर्षे लोटली. ते मासिकही कधीच बंद पडले. त्या श्रावणातल्या सकाळी हे सारे आम्ही पुतण्याच्या मुलीस आणि वहिनींस सांगितले. मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले की, तुमच्या निवडक कथांची जी नवी आवृत्ती निघावयाची आहे, तीत रहाटाची कथा आहे ना? मग तिच्याखाली त्या पणजी-आत्याचे नाव घाला. आम्ही तत्काळ रुकार दिला. पण नाव कोणते घालावे? रेशनकार्डावर होते ते सासरचे. ज्या घरी ती पुरती दोन वर्षेही नांदली नाही त्या घराने ठेविलेले. वहिनी म्हणाल्या, "माहेरचे घाला. गोष्टी तिने इथे बसून सांगितल्या." सर्वांस ते पटले. मग ध्यानात आले की, माहेरचे नाव आम्हांपैकी कोणासच ठाऊक नाही. आमची पिढी तिला आत्या म्हणे, त्यापुढली थोरली आत्या. नावाने हाक मारणारे तिचे भाऊ केव्हाच गेले.

घरातल्या जुन्या जन्मपत्रिकांचे एक गाठोडे माळ्यावर आहे, तीत तिचीही असेल. माळा गळत होता म्हणून त्या दिवशी शिडी लावता आली नाही. छपाई दिवाळीनंतर आहे. तोवर पाऊस उघडेल.